चिकटपट्टीखालचे आठ महिने

ज्या काळजीने भिंगरीच्या आईला लागोपाठ चार रात्री झोप लागली नाही, तिचं उत्तर मला ठाऊक होतं. घरात फक्त मलाच ठाऊक होतं. पण माझ्या तोंडावर काळी चिकटपट्टी मारलेली होती, आणि ती मारणारी भिंगरीची आईच.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण आगाऊ मध्येच बोलायला लागली. कॅमेऱ्याच्या ज्या छोट्या खिडकीला डोळा लावून बघतात, तिच्या उजव्या अंगाला वाटाण्याएवढी एक चकती असते. कडेला बारीक खाचा, एका बाजूला अधिकची खूण, दुसऱ्या बाजूला उणेची. ती मी. नंबराची चकती. बघणाऱ्याला चष्म्याचा नंबर असेल तर मला तेवढं फिरवायचं, म्हणजे चष्म्याशिवायही खिडकीतलं चित्र स्वच्छ दिसतं. बस्स, एवढंच माझं काम. फोटो तीक्ष्ण येतो की पुसट, याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. ते भिंगाने आणि फोटो काढणाऱ्याने बघून घ्यावं. मी फोटोची कुणी नाही, मी बघणाऱ्या डोळ्याची. हे घरात कुणी लक्षात ठेवलं असतं तर मला आज बोलायची वेळ आली नसती.

माझा जन्म साच्यातला. माझ्यासारख्या हजारजणी एका ट्रेमध्ये पडलेल्या. एका मुलीने मला उचललं, बसवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, टिकटिक ऐकली आणि पुढचा कॅमेरा घेतला. माझं बारसं म्हणाल तर तेवढंच.

पहिला मालक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्याने पहिल्या दिवशी मला दोन टिकटिक अधिककडे सरकवलं आणि त्यानंतर सात वर्षं हात लावला नाही. आमच्या जातीचं नशीबच असं, नीट बसलो की आमची आठवण कुणाला राहत नाही. सभा झाल्या, सामने झाले, दोन आगी झाल्या. त्याच्या भुवईचा घाम माझ्या खाचांत उतरायचा. मग ऑफिसने नवे कॅमेरे घेतले आणि आम्ही दुरुस्तीवाल्याकडे आलो.

हा दुरुस्तीवाला म्हणजे भिंगरीचा मामा. त्याची एकच खोली, पण तिच्यात चाळीस ड्रॉवर. टेबलावर दिवा, धूळ उडवायचा रबरी फुगा, आणि बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे स्क्रू. हात लावला तर ओरडायचा. त्याने आम्हाला उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं आणि एके दिवशी धाकट्या बहिणीच्या हातात ठेवलं. वर एक जुनं लांब भिंगही दिलं.

"हे मी काय करू, दादा?" बहीण म्हणाली.

"पोरगी तीन वर्षांची झाली. दिवसभर तिचं कपाळ चाचपत बसतेस, ताप आलाय का म्हणून. जरा वेळ आकाश बघ."

"आकाशात काय आहे?"

"पक्षी आहेत. त्यांना ताप येत नाही."

मग त्याने तिला खिडकीतून बघायला लावलं आणि मला फिरवत मध्यावर आणलं. "नंबर शून्य. डोळे झकास आहेत तुझे."

"आमच्या घरात कुणालाच चष्मा नाही," ती म्हणाली. असं म्हणाली, जणू काचा तिने स्वतः घासल्या होत्या.

घरापासून दहा मिनिटांवर तलाव होता. त्याच्या दगडी भिंतीवर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून, तिच्यावर लांब भिंग टेकवून भिंगरीची आई उभी राहायची. तिथे सुरय यायचे. पांढऱ्याशुभ्र अंगाचा, काळ्या टोपीचा, लांब टोकदार पंखांचा पक्षी. पाण्यावर जागच्या जागी फडफडतो, मान खाली घालून बघतो आणि दगडासारखा कोसळतो. वर येतो तेव्हा चोचीत मासा. हे सगळं घडायला तुम्हाला हे वाक्य वाचायला लागला त्याहून कमी वेळ लागतो.

पहिल्या तीन महिन्यांत तिने आभाळाचे उत्तम फोटो काढले. पक्षी त्यांत नसायचा. असला तर शेपूट असायचं. शेपूट नसलं तर पक्षी असायचा, पण फोकस मागच्या झाडांवर. झाडं मात्र इतकी तीक्ष्ण, की कुणी झाडांची स्पर्धा ठेवली असती तर पहिलं बक्षीस तिचंच होतं.

पण बाई चिवट. तिने वही घातली. पक्षी समोर आल्यावर कॅमेरा उचलायचा नाही, तो लांब असतानाच त्याला खिडकीत धरायचा. कोपर बरगड्यांना टेकवायचे. पाय रोवायचे आणि कमरेतून वळायचं. पक्षी गेला तरी मान वळत राहिली पाहिजे. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला. मागे झाडं नकोत, पाणी किंवा आभाळ हवं. आणि वहीच्या पहिल्या पानावर, दोनदा अधोरेखित केलेलं: आधी डोळा. पंख पुसट असले तर चालतील, पण पक्ष्याचा डोळा तीक्ष्ण हवा. डोळ्यावर फोकस नसेल तर फोटो टाकून द्यायचा.

घरी आल्यावर ती लॅपटॉपवर एकेक फोटो मोठा करत जायची, इतका मोठा की पडद्यावर फक्त सुरयाचा डोळा उरायचा. "गेला," असं म्हणायची आणि पुसून टाकायची. गेला. गेला. हा पण गेला. मांडीवर बसलेली भिंगरी नाक पडद्याला टेकवून बघायची आणि तिच्याबरोबर म्हणायची, "गेला."

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही. एका जागी थांबत नाही म्हणून पडलेलं. स्वतःभोवती फिरायची, धावायची आणि दाराच्या चौकटीला आपटायची. "समोर बघून चाल गं," बाबा म्हणायचे. दिवसातून पाच वेळा म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर तलावावर यायची. आई बोट दाखवायची. "ते बघ, भिंगरी! सुरय! बघ, बघ, बुडी मारली!"

भिंगरी आईच्या बोटाकडे बघायची, मग बोट जिकडे आहे तिकडे बघायची आणि म्हणायची, "हो! किती छान!"

"मासा दिसला?"

"हो. मोठ्ठा."

आईला आनंद व्हायचा, पण पुरता नाही. दर वेळी तेच, किती छान आणि मोठ्ठा. मासा बोटाएवढा असला तरी मोठ्ठाच. घरी आल्यावर ती बाबांना म्हणायची, "तिला आवडत नाही रे. माझं मन राखायला हो म्हणते." बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "साडेचार वर्षांची मुलगी मन राखते? मग आपल्यापेक्षा शहाणी आहे."

खरंच होती. तलावाहून आलं की भिंगरी आपली खेळण्यातली कपबशी मांडायची आणि आईला रिकामा कप द्यायची. आई तोंडाचा चंबू करून फुंकर मारायची, "गरम आहे गं," म्हणायची, एक घोट घ्यायची. "वा! आलं घातलंस का?" भिंगरी मनापासून हसायची. खोटा-खोटा चहा होता, पण दोघी अगदी खराखुरा प्यायच्या. हे मी शेल्फवरून बघत असे. तेव्हा मला वाटलं नव्हतं की हा चहा मला इतका महत्त्वाचा वाटेल.

एकदा भिंगरीने विचारलं, "आई, तुझ्या कॅमेऱ्यात किती पक्षी राहतात?"

आई म्हणाली, "आत्तापर्यंत चार हजार. त्यातले धड फक्त अकरा."

आणि दोघी आपापल्या समजुतीवर खूश राहिल्या.

मग एक दिवस आला. तलावात उभ्या असलेल्या एका खुंटावर सुरय बसला होता. आईने फोकस केलं आणि भिंगरीला भिंतीच्या पायरीवर उभं करून म्हणाली, "ये, यातून बघ. हात नाही लावायचा, फक्त डोळा."

भिंगरीचा उजवा डोळा माझ्या शेजारी आला. आयुष्यात मी पुष्कळ डोळे जवळून पाहिलेत, असा डोळा पाहिला नव्हता. इतका मोठा उघडलेला आणि इतकं थोडं बघणारा. आई पाण्याची बाटली काढायला वळली, आणि एक चिमुकलं बोट माझ्या खाचांवर आलं. टिक. टिक. टिक. मी उणेकडे जात राहिले, अगदी शेवटच्या टोकाला जाऊन अडकले.

"पक्षी आला!" भिंगरी ओरडली. "आई, आत पक्षी आला!"

"हो ना? छान आहे ना?" आई बाटलीचं झाकण उघडत म्हणाली.

त्या संध्याकाळी आईला खिडकीत सगळं पुसट दिसलं. तिने मला परत मध्यावर आणलं. दुसऱ्या सुट्टीला पुन्हा तेच झालं. खरं सांगते, पहिल्यांदा मलाही तो पोरखेळच वाटला. दुसऱ्यांदा तर मी वैतागले. सात वर्षं जागेवर बसलेली मी, मला असं गरागरा फिरवलेलं आवडलं नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने मला फिरवलं, डोळा बारीक केला, आणखी फिरवलं, आणि नेमक्या त्याच टोकाला येऊन थांबली. तेव्हा मला कळलं. खेळणारं मूल असं थांबत नाही. शोधणारा डोळाच असा थांबतो.

मला कळलं, आणि मी काय केलं? टिक. मला तेवढंच येतं.

त्यानंतरच्या आठवड्यात सुरयांची पिल्लं उडायला लागली. भिंगरीच्या आईला दीड वर्ष एकच फोटो हवा होता. सुरयाचं पिल्लू नुकतं उडायला लागलेलं असतं, त्याला स्वतःला मासा धरता येत नाही; मग आई मासा घेऊन येते आणि हवेतच, उडता उडता, त्याच्या चोचीत देते. दोघांचे पंख उघडे आणि मधे मासा. दोन्ही डोळे तीक्ष्ण हवेत. वर्षातून आठ-दहा दिवस हे घडतं.

ते तिच्या समोर घडलं. तिने कोपर बरगड्यांना टेकवले, पाय रोवले, लांबूनच पिल्लाला खिडकीत धरलं. आणि खिडकीत धुकं! कारण पाच मिनिटांपूर्वी भिंगरी डोळा लावून गेली होती आणि मी उणेच्या टोकाला होते. आईला वाटलं, फोकस चुकला. तिने डाव्या हाताने भिंगाची कडी फिरवली, या बाजूला, मग त्या बाजूला. चौदा फोटो निघाले. तीन सेकंदांत मासा या चोचीतून त्या चोचीत गेला आणि दोघं पाण्यावरून लांब निघून गेली.

तिने तिथेच मागच्या पडद्यावर फोटो पाहिले. पहिला, कडीला हात लावायच्या आधीचा, काचेसारखा स्वच्छ होता. पिल्लाच्या डोळ्यातली चमकसुद्धा दिसत होती. मासा यायला अजून एक क्षण होता. पुढचे तेरा म्हणजे पांढरे डाग. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस बरोबर धरला होता आणि तिने तो स्वतःच्या हाताने मोडला होता. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"भिंगरी. इथे कोणी हात लावला?"

"मी."

"किती वेळा सांगितलंय? हात का लावलास?"

"आत पक्षी येत नव्हता."

"पक्षी आत नसतो! बाहेर असतो! हे काय, समोर! एवढे उडतायत! दिसत नाहीत का तुला?"

हा प्रश्न सगळे आईबाप विचारतात. दिवसातून दहादा विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. या वेळी उत्तर खरं यायची शक्यता होती. भिंगरीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तलावाकडे.

"दिसतात," ती म्हणाली. आणि हळूच, "किती छान."

घरी आल्यावर आईने ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढली, मला मध्यावर बसवलं आणि वरून दोन पदर घट्ट मारले. नखाने कडा दाबल्या. रागावल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण फोटो गेल्याचं जास्त वाटत होतं, आणि जास्त वाटतंय याचं पुन्हा वाईट वाटत होतं. तिचं असंच असतं.

मग माझे आठ महिने अंधारात गेले. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं यायचं. भिंगरीने दोन-तीनदा डोळा लावला, चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "आता पक्षी नाही राहत इथे," असं तिने कुणाला तरी सांगितलं. बहुतेक बाहुलीला. मग ती माझ्याकडे आलीच नाही.

शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. भिंगरी फळ्याकडे बघत नाही. मधेच उठून फळ्यापाशी जाते. एका जागी बसत नाही. खेळताना चेंडू अंगावर येईपर्यंत हलत नाही. "हुशार आहे हो, पण लक्ष नाही. घरी काही ताण आहे का?"

ते वाक्य आईच्या छातीत रुतलं. त्याच त्या चार रात्री. बाबांना ती म्हणत होती, "ताण मीच आहे. मी त्या पक्ष्यांच्या डोळ्यांत बघत बसते आणि पोर एकटी पडलीय. म्हणून तिचं कशातच लक्ष लागत नाही." बाबा म्हणाले, "मोठी झाली की बसेल." आईने लक्ष वाढवायचे खेळ शोधून काढले. तांदळात मूग मिसळून निवडायला दिले. भिंगरीने म्हणे नाक ताटात घालून तासभर एकेक मूग वेगळा केला, एकही न चुकता. आई आणखीच गोंधळली. "हिचं लक्ष आहे की नाही, तेच कळत नाही मला." चित्र काढताना म्हणायची, "नाकाने काढतेस का गं? सरळ बस."

चिकटपट्टीखाली मी मनातल्या मनात फिरत होते. टिक. टिक. टिक.

कॅमेऱ्यात धूळ गेली म्हणून माझी सुटका झाली. प्रत्येक फोटोत आभाळावर तोच एक ठिपका यायला लागला. शाळेला सुट्टी होती; आई भिंगरीला घेऊन मामाच्या खोलीवर आली.

"हे काय?" मामाने चिकटपट्टीवर टिचकी मारली. "चकतीला काय जखम झाली? मलमपट्टी केलीस ती?"

"तुझ्या भाचीचे उद्योग. सारखी फिरवून ठेवायची. माझा एक फोटो गेला त्यापायी, विचारू नकोस."

"डिंक आत गेला तर चकती जाम होईल, बाई." त्याने नखाने पट्टी सोलून काढली. उजेड आला. माझ्या सगळ्या खाचांत काळा चिकटा भरला होता. स्पिरिटने पुसता पुसता तो म्हणाला, "काय भिंगरीबाई, कुठे फिरवायचात ही? दाखवा बरं, मामाला पण शिकवा."

भिंगरीने आईकडे पाहिलं. "दाखव," आई म्हणाली. "आज परवानगी."

मामाने कॅमेरा समोरच्या गच्चीकडे वळवून टेबलावर टेकवला. भिंगरीचा डोळा आठ महिन्यांनी माझ्या शेजारी आला. बोट आलं. मी जाम झाले होते, तरी जीव खाऊन फिरले. शेवटच्या टोकाला.

"आली!"

"कोण आली?"

"कबुतरं. दोन. एक मान फुगवतंय."

मामा हसला. मग त्याने खिडकीवर हात धरून मला गुपचूप मध्यावर आणलं. "आता?"

"गेली."

"उडाली?"

"नाही. धुक्यात गेली."

मामाचं हसू थांबलं. तो एक पाऊल मागे सरला, पुन्हा पुढे आला, आणि त्याने मला एकदा अधिककडे नेलं, एकदा मध्यावर, एकदा आणखी कुठे. दर वेळी भिंगरी मला फिरवत त्याच टोकाला घेऊन आली. दर वेळी, तिथे पोचल्यावरच, "आली!"

"कॅमेरा ठेव बाळा बाजूला," मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आता नुसतं बघून सांग. कबुतरं कुठे आहेत?"

भिंगरीने गच्चीकडे पाहिलंच नाही. तिने वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई त्या वेळी घड्याळाकडे बघत होती, घरी भात टाकायचा राहिला होता. भिंगरीने आईची नजर पाहिली, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या दिशेने बोट केलं.

"तिकडे," ती म्हणाली. "किती छान आहेत."

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग भिंगरीच्या बोटाकडे, मग माझ्याकडे. मी उणेच्या टोकाला उभी होते, उघडी, डिंकाने बरबटलेली.

"दादा…"

"पोरीला चष्मा लागलाय गं."

"आमच्याकडे कुणाला…" इतकंच म्हणाली आणि खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

पुढचं मी भिंगरीच्या आईच्या बॅगेतून ऐकलं. डॉक्टरबाईंचा आवाज शांत होता. उजव्या डोळ्याला बराच नंबर आहे, डाव्याला त्याहून जास्त. डावा आळसावलाय, मेंदू उजव्यावरच काम भागवतो. चष्मा लावायचा आणि रोज दुपारी दोन तास उजवा डोळा झाकून ठेवायचा, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल.

"उशीर झालाय का?" आईने विचारलं.

"वय लहान आहे, सुधारणा होते. आठ-दहा महिने आधी आला असतात तर…" एवढं बोलून डॉक्टरबाई थांबल्या. बहुधा त्यांनी आईचा चेहरा पाहिला. "आपण प्रयत्न करू."

आठ महिने. तो हिशेब कुणी मांडला नाही, पण बॅगेत मी आणि बॅगेबाहेर ती, दोघींनाही तो तोंडपाठ होता.

आता माझं बघाल तर खाचांत थोडा डिंक अजून आहेच, बोट लावलं की चिकटतो. तो निघत नाही आणि भिंगरीची आईही काढायला सांगत नाही. आता मी एका जागी नसते. सकाळी मध्यावर असते. चष्मा काढून भिंगरी डोळा लावते तेव्हा उणेकडे. मग परत मध्यावर. टिकटिक सगळ्या घराला ऐकू येते, आणि कुणी कुणाला विचारत नाही की हात कोणी लावला. दुपारी दोन तास भिंगरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी असते. चिकटणारीच, पण तिच्यावर बदकं आहेत. ती लावताना आई कडा नखाने दाबत नाही, बोटाच्या पेराने सावकाश बसवते. डावा डोळा किती सुधारेल ते अजून कुणी सांगत नाही. डॉक्टरबाई दर वेळी म्हणतात, "बघू."

मला राहून राहून एवढंच वाटतं, की त्या तिसऱ्या वेळी मी अडकून बसले असते, मोडले असते, तर आम्हाला तेव्हाच मामाकडे नेलं असतं. चकतीने मोडावं, अशी इच्छा चकतीने करू नये. पण करते. तुमच्याही घरात कुणीतरी लहान माणूस तुमची बसलेली वस्तू हलवून ठेवत असेल. रागवा, हवं तर. पण चिकटपट्टी शोधायच्या आधी एकदा त्या टोकाला काय दिसलं, ते विचारा. आणि विचारलंत तर उत्तराला थांबा.

चष्मा मिळाला तो दिवस सांगायचा राहिला.

दुकानातून आई तिला थेट तलावावर घेऊन आली. वाटेभर भिंगरी नुसती इकडे तिकडे बघत होती, आणि आई तिच्याकडे. काच टोचते का? चक्कर येते का? नंबर चुकला का? कॅमेरा आईच्या गळ्यात होता आणि मी तिच्या छातीला टेकलेली; आत जी धडधड चालली होती ती माझ्या प्रत्येक खाचेत ऐकू येत होती.

भिंतीशी दोघी उभ्या राहिल्या. आईने बोट दाखवलं नाही. "बघ" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सुरय आला. लांबून, पाण्याच्या कडेकडेने. आईने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. ती भिंगरीकडे बघत होती. आणि मी पाहिलं, आईनेही पाहिलं, भिंगरीची मान हलली. आईच्या तोंडाकडे न बघता, पक्षी लांब असतानाच तिने त्याला धरलं आणि त्याच्याबरोबर वळत राहिली, कमरेतून, सावकाश. पक्षी फडफडत थांबला तशी थांबली. तो कोसळला तशी तिची हनुवटी खाली गेली. तो उठून गेला तरी मान वळत राहिली. वहीतलं सगळं तिला येत होतं, कुणी न शिकवता.

आई वाट बघत होती. "किती छान"ची. ते भिंगरी म्हणाली नाही. मग वळली. चष्मा नाकावरून घसरला होता.

"आई," ती म्हणाली, "पक्षी खरेखुरे होते? मला वाटायचं, तू खोटं-खोटं खेळतेस. तू माझा चहा पितेस ना, म्हणून मी हो म्हणायचे."